समूह-मानसोपचाराचे अध्यापन : इतिहास आणि पेच

काही विद्या पुस्तकातून समजतात, पण अंगी येत नाहीत. समूह-मानसोपचार ही त्यांपैकी एक होय. सात-आठ रुग्ण आणि एक अथवा दोन उपचारक आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी वर्तुळाकार बसतात आणि सुमारे दीड तास एकमेकांशी बोलतात, एवढेच तिचे बाह्य रूप. तेथे औषधाची बाटली नसते, यंत्र नसते, व्याख्यानही नसते. एकाने आपले दुःख सांगितले म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, तिसरा नेमका त्याच वेळी विषय का बदलतो, चौथा महिनाभर मौन का धरून आहे, हे ओळखणे आणि त्या ओळखीचा रुग्णांच्या हितासाठी उपयोग करणे, हे उपचारकाचे काम. हे काम नव्या पिढीच्या मानसशास्त्रज्ञाला शिकवावे कसे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्यासंबंधी जे प्रयोग झाले आणि जे वाद माजले, त्यांचा संक्षिप्त वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ नव्हे. आमची हयात राज्य शासनाच्या सेवेत, मंजूर पदे, रिक्त पदे आणि प्रशिक्षणाचे आराखडे यांच्या कागदपत्रांत गेली. त्यामुळे या विषयाकडे आमचे लक्ष प्रथम गेले ते हिशेबाच्या वाटेने. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. एकेका रुग्णाशी तासभर बोलणारा मानसशास्त्रज्ञ दिवसाकाठी पाच-सहांहून अधिक लोकांना न्याय देऊ शकत नाही. तोच जर आठ जणांना एकत्र घेऊन बसू शकला, तर? हिशेब आकर्षक आहे. परंतु हिशेबापलीकडे एक अट आहे. समूह चालविण्याचे खरे शिक्षण त्याला मिळालेले असले पाहिजे. ते न मिळता समूह चालविला, तर स्वस्त उपचार महाग पडतो. हे कसे, ते इतिहासातूनच पाहणे इष्ट.

क्षयरोग्यांच्या वर्गापासून

या पद्धतीचा उगम मनोरुग्णालयात झाला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांसाठी एक ‘वर्ग’ सुरू केला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपाय, आणि त्यासाठी आरोग्यधामात राहण्याची ऐपत या लोकांपाशी नव्हती. प्रॅट यांनी पंधरा-वीस रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलाविले, घरच्या घरी पथ्य कसे पाळावे याचे धडे दिले आणि प्रत्येकाला रोजची नोंदवही ठेवण्यास सांगितले. कोणाचे वजन वाढले हे सर्वांसमक्ष कळे. हेतू केवळ शिकवण्याचा होता. परंतु हळूहळू प्रॅट यांच्या लक्षात आले, की रुग्ण व्याख्यानाने जितके सावरतात त्याहून अधिक एकमेकांच्या सहवासाने सावरतात. ‘माझ्यासारखाच हाही आहे, आणि तो बरा होत आहे’, या जाणिवेत बळ होते. पुढे मनाच्या अस्वास्थ्यातून शारीरिक तक्रारी उद्भवलेल्या रुग्णांसाठीही त्यांनी असेच वर्ग चालविले.

पहिल्या महायुद्धानंतर एडवर्ड लेझेल आणि कोडी मार्श यांनी अमेरिकेतील मनोरुग्णालयांत व्याख्यानांच्या स्वरूपात समूहोपचार केला. म्हणजे या विद्येची पहिली दोन दशके उपचार आणि अध्यापन यांत भेद नव्हता. उपचारक हा गुरुजी, रुग्ण हे विद्यार्थी. हे चित्र पालटण्यास पुढची पिढी यावी लागली.

त्या पिढीतील दोन नावे महत्त्वाची. व्हिएन्नाहून १९२५ साली अमेरिकेत आलेले याकोब मोरेनो यांनी ‘समूह-मानसोपचार’ हा शब्दप्रयोग १९३२ च्या सुमारास प्रचारात आणला. नाट्याभिनयाच्या द्वारे मनातील गाठी मोकळ्या करण्याची ‘सायकोड्रामा’ ही त्यांची पद्धती. १९३६ साली न्यूयॉर्क राज्यातील बीकन या गावी त्यांनी त्यासाठी खास रंगमंच उभारला. तेथे शिकावयास येणाऱ्याने केवळ प्रेक्षक म्हणून बसणे पुरेसे नसे. त्याने स्वतः भूमिका वठवून, स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग उभा करूनच शिकायचे. दुसरे सॅम्युएल स्लॅव्हसन. मुळात अभियंता असलेल्या या गृहस्थाने १९३४ पासून न्यूयॉर्कमध्ये बिघडलेल्या मुलांचे समूह चालविले आणि १९४२ मध्ये समूह-मानसोपचारकांची अमेरिकन संघटना स्थापन केली. मोरेनो व स्लॅव्हसन यांचे परस्परांशी पटले नाही, आणि त्यांच्या स्पर्धेचे ओरखडे या क्षेत्रावर दीर्घकाळ राहिले. माणसांनी एकत्र कसे बसावे हे शिकविणाऱ्यांनाच एकत्र बसणे जमले नाही!

मथुरेत जन्मलेला एक मनोविश्लेषक

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येला खरी गती दिली. मनाने खचलेल्या सैनिकांची संख्या हजारोंनी होती आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात १९४२-४३ च्या हिवाळ्यात विल्फ्रेड बायन आणि जॉन रिकमन यांनी एक धाडसी प्रयोग केला. या बायन यांचा जन्म १८९७ साली मथुरेत झाला होता. मध्य भारतातील मराठी वाचकाला मथुरा म्हटले, की महादजी शिंद्यांची छावणी आठवते. त्याच गावात कालव्यांच्या कामावरील एका इंग्रज अभियंत्याच्या घरी हा मुलगा जन्मला, आयेच्या हाताखाली वाढला आणि आठव्या वर्षी शिक्षणासाठी विलायतेस पाठविला गेला. भारतात परतणे त्यांना पुन्हा कधी घडले नाही. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या पथकात अधिकारी होते. सैनिकांचे मन त्यांना पुस्तकाबाहेरून ठाऊक होते.

नॉर्थफील्डच्या ज्या विभागाचा कारभार त्यांच्याकडे आला, तेथे बेशिस्त माजली होती. बायन यांनी शिक्षा वाढविल्या नाहीत. प्रत्येक सैनिकाने कोणत्या तरी एका कामाच्या गटात सामील व्हावे आणि रोज दुपारी सर्वांनी एकत्र येऊन आपल्या विभागात काय चालले आहे त्याचा आढावा घ्यावा, एवढाच नियम केला. लढाईत शत्रू समोर असतो, तसा येथे ‘मनोविकार’ हाच सर्वांचा सामायिक शत्रू, ही त्यामागची कल्पना. सहा आठवड्यांतच वरिष्ठांनी प्रयोग थांबविला. परंतु १९४३ मध्ये त्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच रुग्णालयात एस. एच. फोक्स, टॉम मेन आदींनी पुढे काम चालू ठेवले. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या फोक्स यांनीच १९५२ साली लंडनमध्ये समूह-विश्लेषणाची सभा स्थापिली, आणि १९७१ मध्ये तेथे या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली.

युद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात बायन यांच्याकडे समूह सोपविण्यात आले. त्यांत रुग्णांप्रमाणेच शिकण्यासाठी आलेले व्यावसायिकही असत. मंडळी वर्तुळात बसत आणि तज्ज्ञ काय सांगतात याची वाट पाहत. तज्ज्ञ काहीच सांगत नसत! अस्वस्थता वाढे, कोणी चिडे, कोणी स्वतःच सूत्रे हाती घेऊ पाहे. मग बायन शांतपणे एवढेच निदर्शनास आणीत, की या क्षणी समूहाला तारणहार हवा आहे. या निरीक्षणांतून त्यांनी मांडलेला सिद्धान्त १९६१ च्या त्यांच्या ग्रंथात एकत्रित झाला. समूह जमला की ठरलेल्या कामाच्या आड तीन वृत्ती येतात. एक, कोणा समर्थाच्या आश्रयाला जाण्याची. दुसरी, कोणाशी तरी लढण्याची वा पळ काढण्याची. तिसरी, दोघांच्या जोडीतून काही उद्धारक निपजेल अशी आशा धरण्याची. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभा आयुष्यभर पाहिलेल्यांना या तिन्ही वृत्तींची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही.

टॅव्हिस्टॉकमधील ए. के. राइस यांचा आपल्या शेजारप्रदेशाशीही संबंध आला. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसविले, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. राइस यांनी विणकरांच्या लहान लहान स्वयंशासित गटांची कल्पना मांडली, आणि कामगारांनी थोड्या अवधीत आपले गट आपणच ठरविले. पुढे याच राइस यांनी लेस्टर येथे १९५७ पासून भरणाऱ्या समूहसंबंध परिषदांचे नेतृत्व केले. या परिषदांत व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष समूहात बसून होणाऱ्या अनुभवावर भर असे. ही परंपरा पुढे भारतातील व्यवस्थापन-शिक्षणातही आली.

मानसशास्त्रज्ञ उपचारक होतो

येथवर ज्यांची नावे आली, ते बहुतेक डॉक्टर होते. मग मानसशास्त्रज्ञ या क्षेत्रात केव्हा आला? चिकित्सालयीन मानसशास्त्र, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजी, ही शाखा लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात उघडलेल्या चिकित्सालयापासून मोजली जाते. परंतु पहिली पन्नास वर्षे या शाखेचे मुख्य काम बुद्धिमापन व व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या हेच राहिले. उपचार हे डॉक्टरांचे राखीव क्षेत्र होते. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी हे कुंपण मोडले. १९४६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाने मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी मोठा निधी देण्यास आरंभ केला. १९४९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे परिषद भरून असे ठरले, की चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि उपचारकही. सैनिक रुग्णालयांतील गर्दीमुळे समूहोपचार करणे भागच होते, आणि ते करता करता मानसशास्त्रज्ञ उपचारक झाला.

याच सुमारास, जवळजवळ अपघाताने, दोन शोध लागले. पहिला १९४६ च्या उन्हाळ्यात, कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे. वांशिक तणाव कमी करण्यासाठी काम करणाऱ्यांची कार्यशाळा कुर्ट लेविन घेत होते. दिवसभर चर्चा चाले आणि रात्री निरीक्षक मंडळी कोण कसे वागले याच्या नोंदी आपसांत ताडून पाहत. एका रात्री काही सहभागींनी त्या बैठकीत बसण्याची परवानगी मागितली. लेविन यांनी ती दिली. निरीक्षकाने एका बाईंच्या वागण्याचा अर्थ सांगताच त्या म्हणाल्या, असे घडलेच नव्हते. वाद रंगला, आणि पुढल्या रात्री अधिक माणसे आली. आपण दुसऱ्यास कसे दिसतो हे त्याच क्षणी, त्याच माणसाच्या तोंडून ऐकणे हे कोणत्याही पाठापेक्षा प्रभावी असते, असे सर्वांच्या ध्यानात आले. लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत वारले. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातील बेथेल येथे ‘प्रशिक्षण-समूहा’ची कार्यशाळा भरविली.

दुसरा शोध शिकागो विद्यापीठात, १९४६-४७ मध्ये लागला. माजी सैनिकांसाठी समुपदेशक घडविण्याचे काम कार्ल रॉजर्स यांच्याकडे आले होते. मुदत फार थोडी होती. रॉजर्स व त्यांचे सहकारी या विद्यार्थ्यांना रोज कित्येक तास समूहात बसवीत, जेणेकरून त्यांना स्वतःची ओळख व्हावी आणि आपल्या कोणत्या वृत्ती उपचाराच्या आड येतील ते कळावे. ज्याला समूह चालवायचा आहे त्याने आधी समूहाचा सभासद होऊन पाहावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष प्रशिक्षणात उतरले.

अतिरेकाची किंमत

कोणतेही चांगले तत्त्व फॅशन झाले, की त्याचे भान सुटते. १९६० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ‘एन्काउंटर’ समूहांची लाट आली. मनातले सर्व काही सर्वांसमोर उघडे करणे म्हणजेच मुक्ती, अशी समजूत पसरली. नेतृत्व करणाऱ्याला कसले शिक्षण आहे, हे कोणी विचारीना. स्टॅनफर्ड विद्यापीठात मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम व मॅथ्यू माइल्स यांनी दोनशेच्या आसपास विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या प्रकारच्या अशा समूहांत बसवून त्यांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना लाभ झाला होता. परंतु शेकडा आठ-नऊ जणांना दीर्घकाळ टिकणारी मानसिक इजा झाली होती, आणि अशी इजा आक्रमकपणे भावना उकरून काढणाऱ्या नेत्यांच्या समूहांत विशेष आढळली.

प्रशासनात वावरलेल्या माणसाला या निष्कर्षाचे मोल तत्काळ कळते. जी पद्धत उपकार करू शकते ती अपकारही करू शकते, आणि म्हणून तिच्या शिक्षणाला नियम हवेत.

हे नियम घालून देण्यात यालोम यांचाच वाटा मोठा आहे. १९७० साली प्रथम निघालेला समूह-मानसोपचारावरील त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचे प्रमुख पाठ्यपुस्तक गणला जातो. मॉलिन लेश यांच्या सहकार्याने त्याची सहावी आवृत्ती २०२० मध्ये आली. समूहात नेमके काय बरे करते, याची अकरा कारणे त्यांनी सांगितली. आशा, आपण एकटे नाही ही जाणीव, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचे समाधान, समूहाशी जडलेली आपुलकी ही त्यांतील काही. आणि विद्यार्थ्याच्या शिक्षणाची त्यांनी चार अंगे मानली : अनुभवी उपचारकाचा समूह जवळून पाहणे, स्वतः समूह चालवून त्यावर ज्येष्ठांचे बारकाईचे मार्गदर्शन घेणे, स्वतः एखाद्या समूहाचा सभासद होणे, आणि स्वतःच्या मनावर वैयक्तिक उपचार अथवा आत्मपरीक्षण करणे. यालोम स्वतः जॉन्स हॉपकिन्समध्ये जेरोम फ्रँक यांचे समूह एकतर्फी काचेआडून पाहत शिकले होते.

ही चार अंगे वाचताना आम्हांस ग्वाल्हेरच्या गायकीची परंपरा आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या गायकीच्या शोधात निघाले, वासुदेवबुवा जोशींपाशी त्यांनी तालीम घेतली आणि ती गायकी महाराष्ट्रात नेली. आपल्या गुरुशिष्यपरंपरेत तालीम म्हणजे आधी ऐकणे, मग गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणे, मग मैफलीत दोन आवर्तनांपुरता सूर लावणे, आणि फार उशिरा स्वतंत्र गाणे. समूहोपचारात शिकाऊ मानसशास्त्रज्ञ सहउपचारक म्हणून ज्येष्ठाशेजारी बसतो, तो या तंबोऱ्याच्या जागीच. चूक झाली तर सावरणारा शेजारी असतो, आणि बैठक संपल्यावर दोघे मिळून ती पुन्हा मनात घोळवितात.

परीक्षक आणि उपचारक

तथापि तंबोऱ्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. गाणे शिकताना शिष्याला आपल्या आयुष्यातील लाजिरवाणा प्रसंग सहाध्यायांसमोर सांगावा लागत नाही. समूहाचा सभासद झालेल्या विद्यार्थ्याला तो सांगावासा वाटू शकतो, आणि न सांगितला तर ‘हा मोकळा होत नाही’ असा शेरा मिळण्याची भीतीही असते. त्यात समूहाचा नेता जर त्याचाच प्राध्यापक असेल, आणि वर्षअखेर गुण देणाराही तोच असेल, तर विद्यार्थ्याने काय करावे? पेच हाच आहे. अनुभवाशिवाय विद्या येत नाही; आणि सक्तीचा अनुभव हा अनुभव राहत नाही, ती परीक्षा होते.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत यावर स्पष्ट नियम केले. वैयक्तिक वा समूह-उपचार घेणे अभ्यासक्रमात सक्तीचे केल्यास, विद्यार्थ्याला संस्थेशी संबंध नसलेल्या उपचारकाची निवड करण्याची मुभा असली पाहिजे. तसेच जो अध्यापक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो अथवा करण्याची शक्यता आहे, त्याने तो उपचार स्वतः देऊ नये. विद्यार्थ्याच्या खासगी आयुष्याची माहिती मागण्यावरही मर्यादा घातली गेली. हे नियम कागदावर सोपे दिसतात. लहान गावात, लहान विभागात ते पाळणे किती अवघड, हे पुढे येईलच.

आपल्याकडील स्थिती

भारतात या शिक्षणाचा पाया बंगळूरला घातला गेला. १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ मध्ये ही संस्था व म्हैसूर राज्याचे जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून ‘निमहान्स’ झाली. पदविकेचे पुढे दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये रूपांतर झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे या अभ्यासक्रमांचे नियमन आले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ कोणास म्हणावे, हेही ठरवून दिले.

समूहाचे सामर्थ्य आपल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांजवळ राहू दिले, आणि ते या कुटुंबांना एकत्र बसवून त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत, परिचित कथादृष्टान्तांच्या आधारे बोलत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले लोकच पुढे कार्यकर्ते झाले, आणि समूहाच्या सभा हा तेथील उपचाराचा कणा राहिला. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अनामिक मद्यपींची चळवळही आपल्या शहरांतून रुजली आहे. परंतु परस्परसाहाय्य ही एक गोष्ट, आणि प्रशिक्षित उपचारकाने चालविलेला समूह ही दुसरी. भजनी मंडळात मन हलके होते, हळदीकुंकवाला चार सुखदुःखे बोलली जातात. हे सर्व मोलाचे आहे, पण ज्याच्या मनात आत्मघाताचे विचार घोळत आहेत त्याला ओळखण्याची जबाबदारी भजनी मंडळावर टाकता येत नाही.

आपल्या समाजात समूह चालविताना दोन अडचणी विशेष जाणवतील, असे आम्हांस वाटते, आणि त्या परदेशी पाठ्यपुस्तकात पुरत्या सापडत नाहीत.

पहिली, वयाच्या मानाची. पाश्चात्त्य समूहात सर्व सभासद एका पातळीवर येऊन एकमेकांना परखडपणे बोलतात, असे गृहीत असते. आपल्याकडे पंचविशीची सून आणि साठीचे काका एका वर्तुळात बसले, तर सून काकांना ‘तुमच्या बोलण्याने मी दुखावले’ असे म्हणेल काय? उपचारकालाही सारे ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून गुरुस्थानी बसवितात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच गुरु-शिष्य नात्याचा उपचाराच्या दृष्टीने विचार मांडला होता. आपल्या विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे, की हा मान झिडकारू नये, त्यात अडकूही नये, आणि हळूहळू तो मान समूहाकडे वळवावा. भाषेचेही तेच. विद्यार्थी शिकतो इंग्रजीत, समूह बोलतो हिंदीत, आणि आमच्यासारख्या घरातला रुग्ण दुःख सांगतो ते मराठीत. ‘आहो’ आणि ‘अगं’ यांतील अंतर इंग्रजी पाठ्यपुस्तक शिकविणार नाही.

दुसरी, गुप्ततेची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अथवा बेळगाव येथील दोन अनोळखी मराठी माणसे भेटली, की तिसऱ्या वाक्यात त्यांना सामायिक नातेवाईक सापडतो. ही आमच्या वसाहतींची शोभा आहे. पण समूहोपचाराच्या खोलीत तीच धोका ठरते. समूहात बोललेले बाहेर गेले, तर त्या घरातील मुलीच्या लग्नापर्यंत त्याचे पडसाद उमटतात, हे आपण जाणतो. प्रशिक्षणार्थींचीही स्थिती हीच. सहा-आठ विद्यार्थी एकाच वसतिगृहात राहतात, एकाच भोजनगृहात जेवतात, त्याच दोन-तीन अध्यापकांकडून गुण घेतात. त्यांना अनुभव-समूहात बसवायचे, तर नेता बाहेरच्या गावचा हवा, मूल्यमापनाशी त्याचा संबंध नको, आणि किती सांगावे याचा निर्णय सर्वस्वी विद्यार्थ्याचा हवा. महिन्यातून दोन दिवस दुसऱ्या शहरातून उपचारक बोलाविण्याचा प्रवासखर्च आणि मानधन ही रक्कम कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकात फार मोठी नाही. आम्ही असली अंदाजपत्रके तयार केली आहेत, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो.

आताच का?

या विषयाला आज निकड आहे. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरले. चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम.फिल.ला प्रथम सवलत मिळाली, आणि २०२४ च्या जानेवारीत ती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे सात दशकांची एक शिक्षणपद्धती बदलत असून तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आखले जात आहेत. अशा संक्रमणकाळात काय टिकते? आमचा अनुभव असा, की ज्याचे गुण लेखी परीक्षेत मोजता येतात ते टिकते, आणि ज्याला वेळ, माणसे व धीर लागतो ते वगळले जाते. समूह-मानसोपचार दुसऱ्या प्रकारात मोडतो. चार गुणांचा एक प्रश्न आणि अकरा कारणांची पाठ केलेली यादी, एवढेच त्याचे अवशेष उरण्याचा संभव आहे.

जगात मात्र याच काळात उलट दिशेने पावले पडली. समूहोपचार हा वैयक्तिक उपचाराचा दुय्यम, काटकसरीचा पर्याय आहे, ही जुनी समजूत होती. गॅरी बर्लिंगेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सारखेच उपचार दोन्ही रीतींनी दिले असता परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने समूह-मानसशास्त्र व समूह-मानसोपचार यांना स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. या मान्यतेचा अर्थ एवढाच, की हे काम प्रत्येक मानसशास्त्रज्ञाला आपोआप येते असे मानणे योग्य नव्हे. त्याला स्वतंत्र शिक्षण लागते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची नातवंडे आज मानसशास्त्र शिकत आहेत. त्यांच्या महाविद्यालयात चौकशी करण्याजोगे प्रश्न चारच आहेत. विद्यार्थ्याला ज्येष्ठांचा समूह प्रत्यक्ष पाहावयास मिळतो काय? त्याला कोणाशेजारी सहउपचारक म्हणून बसविले जाते काय? समूह झाल्यावर त्याच्याशी कोणी तासभर बोलते काय? आणि त्याला स्वतःला एखाद्या समूहात, परीक्षेच्या भीतीवाचून, बसावयास मिळाले आहे काय? चारांपैकी दोन उत्तरे होकारार्थी आली, तरी समाधान मानावे. उरलेल्या दोहोंसाठी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आग्रह धरावा. प्रॅट यांच्या क्षयरोग्यांना जे औषधाविना मिळाले, ते देता येणारी माणसे घडविणे हे शेवटी शिक्षणाचे काम आहे, आणि शिक्षणाची चौकशी करणे हे समाजाचे.